फक्कीबाई आणि दोन आटे

फक्कीबाईंच्या मोटरसायकलच्या काळ्या टाकीवर कायम पाच पांढरी बोटं उठलेली असत. शाळेच्या मैदानावर रेघा आखायची चुन्याची फक्की इतर शिक्षक डब्याला भोकं पाडून मारतात. बाई ती मुठीने सोडत चालायच्या. रेघ मात्र दोरी लावल्यासारखी सरळ. काम झालं की हात साडीला न पुसता तो तसाच टाकीवर टेकून गाडी सुरू करायच्या. आमच्या हायस्कूलच्या त्या खेळाच्या शिक्षिका. खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. निपाणीकडून बदलून आल्या, गावात दोन खोल्या घेतल्या, एक म्हैस पाळली आणि पहिल्याच वर्षी फक्कीबाई झाल्या.

मी गावच्या दूध संस्थेचा सचिव. आमचं गाव गगनबावड्याच्या रस्त्याला. वाड्यावस्त्यांवरचं दूध सकाळ-संध्याकाळ मोटरसायकलींवरून संस्थेत येतं. मागे दोन्ही बाजूंना आकडे, आकड्यांना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, आणि वर शेणाने माखलेला रस्ता. एका पावसाळ्यात आमचे तीन दूधवाले पडले. वार्षिक सभेत मी त्याचा अहवाल वाचला. किती लिटर दुधाचं नुकसान झालं, ते वाचलं. तेव्हा बायकांच्या बाकावरून फक्कीबाई उठल्या. म्हशीमुळे त्या सभासद होत्या.

"सचिव, दूध सांडलं ते अहवालात लिवलंय. मानसं सांडली ती कुठं लिवलीत?"

सभा हसली. मीही हसलो, पण माझे कान तापले होते. बाई बसल्या नाहीत. पुण्याला गाडी चालवायला शिकवणाऱ्यांचं एक शिबिर असतं, ते आपण केलं आहे, संस्थेने रविवारची सकाळ द्यावी, मैदान आपण बघतो, असं त्यांनी तिथंच सांगून टाकलं. चेअरमनना सभा आटपायची घाई होती. त्यांनी मंजूर म्हणून टाकलं.

वर्गाची अडचण अशी होती की आमच्या गावाला गाडी चालवणं येत होतं. म्हणजे असं गावाचं म्हणणं होतं. आमच्याकडे नवी मोटरसायकल आली की तीन गोष्टी करायची रीत आहे. नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि पुढचा ब्रेक ढिला करायचा. पुढच्या चाकापाशी केबलला एक नट असतो. त्याचे दोन आटे सैल केले की उजव्या हाताखालची लिव्हर नुसती शोभेची उरते. पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर पालथा पडतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. माझ्या वडिलांनी मला गाडीची किल्ली दिली तेव्हा आशीर्वादाच्या आधी पान्हा दिला होता.

म्हणून बाईंचा प्रत्येक वर्ग एकाच प्रश्नाने सुरू व्हायचा. शिट्टी वाजवायच्या, फक्कीचा हात कमरेवर ठेवायच्या आणि विचारायच्या, "फुडचा ब्रेक कुणाकुणाचा ढिला हाय? खरं सांगायचं. हात वर." एकही हात वर व्हायचा नाही. मग बाई एकेका गाडीपाशी जाऊन लिव्हर दाबायच्या. ती मुठीला टेकली की त्या माणसाकडे नुसत्या बघायच्या आणि खिशातला पान्हा काढून खाली बसायच्या. रविवारच्या पंजाबी ड्रेसला मोठा खिसा शिवून घेतला होता त्यांनी, खास त्या पान्ह्यासाठी. "मागचा ब्रेक गाडीला इनंती करतोय," खाली बसल्या बसल्या त्या सांगायच्या, "थांबवतोय त्यो फुडचा. भार फुडं येतोय, मग जोर कुठल्या चाकाला पायजे?"

दाबायचा कसा, तेही त्यांनी आमच्याच भाषेत सांगितलं. धार काढताना म्हशीच्या आचळाला हिसका दिला तर म्हैस काय करते, असं त्यांनी पहिल्या रविवारी विचारलं. लाथ मारते, असं सगळे एकदम म्हणाले. "मग गाडीबी तेच करतीया. हिसका न्हाय द्यायचा. धार काढताय तसं दाबायचं, हळू सुरू करायचं आनि शेवटपर्यंत दाबत न्ह्यायचं." ज्यांनी जन्मभर पुढच्या ब्रेकला हात लावला नव्हता त्यांना हे एका वाक्यात कळलं. पुण्याच्या शिबिरात हे नक्कीच नसणार.

परीक्षा पाण्याची होती. आकड्यांना दोन कॅन लावायचे, काठोकाठ पाणी भरायचं, झाकणं काढून ठेवायची. फक्कीच्या एका रेघेपासून वेग घेऊन दुसऱ्या रेघेला दोन्ही ब्रेक धरायचे आणि तिसऱ्या रेघेच्या आत थांबायचं. पाण्याची लाट पुढं उसळली की नापास. पहिल्या रविवारी मैदानाचा चिखल झाला आणि बाईंनी पुन्हा कोरड्या बाजूला नव्या रेघा मारल्या. तीन-चार रविवारांनंतर माणसं थांबायला लागली. सगळ्यांत चांगला थांबायचा दिनकर. वरच्या वाडीचं दूध आणणारा, पस्तिशीचा, अबोल गडी. तो थांबला की कॅनमधल्या पाण्यावर नुसती एक सुरकुती यायची. बाई त्याला काही म्हणायच्या नाहीत, फक्त शिट्टी दोनदा वाजवायच्या. दिनकर लाजून टोपी सारखी करायचा.

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं. जिकडं नजर, तिकडं गाडी. मैदानात मधोमध त्या एक वीट ठेवायच्या आणि तिच्याकडे न बघता बाजूने गाडी काढायला सांगायच्या. विटेकडे बघणारा हमखास विटेवर जायचा. "खड्ड्याकडं बगू नका, खड्ड्याबाजूच्या रस्त्याकडं बगा," असं त्या ओरडून सांगायच्या. आमच्याकडच्या बायकांसारख्या त्याही मी जातो, मी येतो असंच बोलायच्या. आवाज मैदानाच्या पार टोकाला पोचायचा. सुरुवातीला कुंपणाशी उभे राहून हसणारे गडी हळूहळू आपापल्या गाड्या घेऊन आत आले.

मी मात्र वही घेऊन कट्ट्यावर बसायचो. सचिव म्हणून हजेरी घ्यायची, हे माझं निमित्त. शेवटी एका रविवारी बाईंनी माझी वही काढून दिनकरकडे दिली आणि मला गाडीवर बसवलं. अर्थात माझी लिव्हर मुठीला टेकली. सगळ्यांदेखत बाई खाली बसल्या, नट आवळला, लिव्हर चार वेळा दाबून बघितली आणि म्हणाल्या, "आता जावा." मी घाबरून हिसका दिला. गाडी गपकन नाक खाली घालून थांबली, दोन्ही कॅनमधलं पाणी माझ्या पाठीवर आलं. सगळं मैदान हसलं. बाई हसल्या नाहीत. पुन्हा जा म्हणाल्या. मी गेलो नाही. संस्थेचं काम आहे म्हणून घरी आलो.

घरी वडिलांनी माझा ओला सदरा बघितला, मग गाडीची लिव्हर दाबून बघितली. आपल्या घरात आजवर गाडीवरून कुणी मेलं नाही, आता तुला मरायचं असेल तर मर, असं म्हणून ते आत गेले. सोमवारी संध्याकाळी मी पान्हा घेतला आणि नट होता तसा करून ठेवला. दोन आटे. वडिलांची भीती होती म्हणून केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं कारण ती भिजलेली पाठ होती.

मंगळवारी सकाळी संस्थेत दूध घालायला रांग लागली होती. फक्कीबाई मैदान आखून फक्कीच्या हातानेच घाईने आल्या. तालुक्याच्या क्रीडास्पर्धांची बैठक होती, त्यांची गाडी कालपासून गॅरेजला, आणि एस.टी. गेलेली. त्यांनी माझी गाडी मागितली. मी किल्ली काढून दिली. किल्ली त्यांच्या हातात पडली आणि मला नट आठवला.

बाईंचा नियम होता, की गाडी कुणाचीही असो, बसण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघायचे. त्यांनी पायाने मागचा दाबला. मग उजवा हात लिव्हरकडे गेला. रांगेत दहा-पंधरा माणसं होती, दिनकर होता. लिव्हर मुठीला टेकणार आणि बाई माझ्याकडे त्या तसल्या नजरेने बघणार, हे मला दिसलं. मी म्हणालो, "बाई, रविवारी तुम्हीच आवळलाय की."

त्यांचा हात थांबला. त्या हसल्या, "व्हय की," म्हणाल्या, आणि टाकीवर हात टेकून गाडी सुरू केली. तेव्हा मी पाठीमागून त्यांना जपून जावा असंही म्हणालो. आजही त्या सकाळच्या सगळ्या शब्दांत मला त्या 'जपून जावा'चीच सगळ्यांत जास्त लाज वाटते.

दोन गावं पुढं एका बोळातून उसाच्या बैलगाडीचं जू रस्त्यावर आलं. बाईंनी दोन्ही ब्रेक धरले. पुढचा नव्हताच. मागचं चाक अडकून गाडी आडवी घसरली आणि बाई उजव्या हातावर पडल्या. मनगटाची दोन्ही हाडं मोडली, गुडघा फुटला. बैलगाडीवाल्याने फोन केला तेव्हा मी संस्थेतच होतो. पोचलो तर बाईंना कोल्हापूरला नेलं होतं. गाडी रस्त्याकडेला आडवी पडली होती, टाकीवर पाच पांढरी बोटं. मी पहिल्यांदा काय केलं असेल? डिकीतला पान्हा काढला आणि नट आवळला. मग हँडल सरळ केलं.

संध्याकाळपर्यंत गावाचा निकाल लागला होता. शिकवणारी बाईच पडली, पुढचा ब्रेक मारला असणार, आम्ही आधीच सांगत होतो. चेअरमननी सगळ्यांसमोर मला विचारलं, गाडीचा ब्रेक चांगला होता ना. मी म्हणालो, "व्हय, रविवारी बाईंनीच आवळलावता." या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. अहवाल लिहिणाऱ्या माणसाला अशी वाक्यं चांगली जमतात.

दुसऱ्या दिवशी शहाळी घेऊन मी दवाखान्यात गेलो. बाईंचा हात प्लॅस्टरमध्ये वर टांगलेला होता. त्या म्हणाल्या, "सचिव, गाडीला लई लागलंय काय?"

"न्हाय बाई. हँडल तेवढं वाकलं हुतं."

"आनि काय?"

"आनि काय न्हाय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी खिडकीबाहेर बघितलं आणि यंदा उसाला तोड लवकर आली, असं काहीतरी बोललो. "बरं," त्या म्हणाल्या. पुढच्या वेळी गेलो तेव्हाही त्यांनी तसंच थांबून बघितलं. तिसऱ्यांदा मी गेलोच नाही.

सभासदांच्या भावना लक्षात घेऊन रविवारचे वर्ग तूर्त स्थगित करण्यात येत आहेत, हा ठराव इतिवृत्तात माझ्या अक्षरात आहे. अक्षर चांगलं आहे. बाईंची मूठ पुन्हा कधी पुरती मिटली नाही. फक्की धरता येईना, लिव्हर धरता येईना. वर्षअखेर त्यांनी नोकरी सोडली, म्हैस शेजारणीला दिली आणि निपाणीला बहिणीकडे राहायला गेल्या. निघाल्या त्या सकाळी मी संस्थेत दूध मोजत होतो. बाहेर येऊन निरोप दिला नाही.

गावात मात्र नट पुन्हा ढिले झाले, एकेक करून, कुणी काही न बोलता. दिनकरच्या आईने त्याला शपथ घातली. पुढच्या उसाच्या हंगामात, पहाटे, वरच्या वाडीचं दूध घेऊन येताना दिनकर दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं. जगला. दूध आणायचं काम सुटलं, तेव्हा मी त्याला संस्थेत फॅट बघायच्या मशीनवर बसवून घेतलं. चेअरमननी मला मोठ्या मनाचा म्हटलं. तेव्हापासून दिनकर रोज सकाळी माझ्यासमोर बसतो, काठी टेबलाला टेकवून. एकदा नमुन्याची बाटली हलवता हलवता तो आपणहून म्हणाला, "सचिव, हात बरोबर गेलता. बाईंनी शिकीवलं तसाच. फुडं कायच न्हवतं."

त्या रविवारी मी निपाणीला गेलो. बाई अंगणात डाव्या हाताने झाडांना पाणी घालत होत्या. बसा म्हणाल्या, चहा सांगितला. मी उभ्यानेच म्हणालो, की बाई, त्या दिवशी ब्रेक ढिला होता, सोमवारी मीच केला होता.

"दोन आटं," बाई म्हणाल्या. "लिव्हर मुठीला टेकली तवाच कळलं मला."

"मग बोलला का न्हाईसा?"

"पडलेला मानूस गाडीलाच दोष देतोय. मी बोललो असतो तर गाव म्हटलं असतं, बाई सबब सांगतीया. तुमी बोलला असता तर ते खरं झालं असतं. म्हणून मी दवाखान्यात वाट बगत हुतो."

मग मी दिनकरचं सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. हातातला तांब्या त्यांनी खाली ठेवला. चहा आला, गार झाला. मला वाटत होतं, त्या रडतील किंवा ओरडतील, आणि काहीही केलं तरी मला जरा हलकं वाटेल. त्यांनी तेवढीही सोय केली नाही.

"माझा हात गेला ते मी सोडलं असतं, सचिव," त्या म्हणाल्या. "दिनकरचं न्हाय सोडत. ते सोडायचं माझ्या हातात न्हाय." आणि मी निघताना दारातून एवढंच, "मला सांगून काय उपेग? मैदानात सांगा."

वर्ग पुन्हा सुरू करायचा ठराव मांडायला मला आणखी दोन महिने लागले. मी काही एका रात्रीत सुधारणारा माणूस नाही. शेवटी एका रविवारी शाळेच्या खोलीतून फक्कीचं पोतं काढलं आणि मुठीने रेघा मारल्या. नागमोडी आल्या. चौदाजण गाड्या घेऊन आले होते, चेअरमन खुर्चीवर होते, दिनकर काठी घेऊन कट्ट्यावर. मी शिट्टी वाजवली आणि बाईंचा प्रश्न विचारला, फुडचा ब्रेक कुणाकुणाचा ढिला हाय. नेहमीप्रमाणे एकही हात वर झाला नाही. मग मी माझा उजवा हात वर केला. हात वर ठेवूनच सगळं सांगितलं. सोमवारचा पान्हा, मंगळवारची रांग, रस्त्याकडेला आवळलेला नट, दवाखाना, ठराव.

चेअरमन, जाऊ दे सचिव, झालं गेलं, असं म्हणाले आणि उठून घड्याळ बघायला लागले. ते ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच पुन्हा लाज वाटली. मग कट्ट्यावरून दिनकरचा आवाज आला.

"किती आटं?"

"दोन," मी म्हणालो.

"माझंबी दोनच हुतं," दिनकर म्हणाला.

त्यानंतर तो माझ्याशी फॅटच्या आकड्यांखेरीज काही बोललेला नाही. आकडे मात्र स्पष्ट सांगतो. तो रविवारी मैदानात येतोही. कॅनमधलं पाणी तो बघतो, आणि कुणी नीट थांबला की माझ्या हातातली शिट्टी मागून घेऊन दोनदा वाजवतो आणि परत देतो. हल्ली गडी आपणहून हात वर करतात, कधी तीन, कधी चार. मी खाली बसून त्यांचे नट आवळतो, लिव्हर चार वेळा दाबून बघतो.

पण प्रत्येक वर्गाला पहिला हात माझाच असतो. तेवढा वेळ सगळे माझ्याकडे बघत असतात, आणि मी समोरच्या रेघेकडे. जिकडं नजर तिकडं गाडी, असं बाई म्हणायच्या. मला दिनकर बसतो त्या कट्ट्याकडे जायचं आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण हात वर असताना मला अजून एकदाही तिकडे बघता आलेलं नाही.